पुढील सालच्या वाढीचा अंदाज : मॉरिशस बेटाचा दाखला

अमुक देशाची वाढ पुढील सालीं इतके टक्के होईल, अशी बातमी वर्तमानपत्रांत वारंवार येते. साल उजाडण्यापूर्वींच हा आंकडा कोणी आणि कशावरून काढला, असा प्रश्न आमच्या कित्येक शेतकरी बंधूंनीं आम्हांस विचारला आहे. आम्ही कांहीं अर्थशास्त्री नव्हे. महसूल खात्यांत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली आणि नुकतेच निवृत्त झालों, एवढाच आमचा अधिकार. तथापि न आलेल्या पिकाचा आंकडा आधीं लिहिण्याचें काम त्या नोकरींत आम्हांस दरवर्षीं करावें लागे. पूर्वी त्यास आणेवारी म्हणत, आतां पैसेवारी म्हणतात.

एके वर्षीं एका गांवची नजर पैसेवारी ६२ आली. बाजरी कणसांत भरली होती आणि शिवारांत उभें राहून पाहणाऱ्यांनीं जें पाहिलें तें खरेंच होतें. पुढें ऐन काढणीच्या आठवड्यांत पावसानें झोड घातली आणि कणसें जागच्या जागीं उगवलीं. अंतिम तक्ता करतांना तो आंकडा पुन्हा तपासावयास हवा होता. परंतु घाईच्या दिवसांत आम्हीं जुनाच आंकडा नव्या तक्त्यांत उतरविला. पैसेवारी ५० च्या आंत न आल्यामुळें त्या गांवास सवलत मिळाली नाहीं. तेथील एक वृद्ध खातेदार कचेरींत येऊन आम्हांस एवढेंच म्हणाले, ‘भाऊसाहेब, तुमचें पीक आलें, आमचें गेलें.’ त्या दिवसापासून कोणताही अंदाज वाचला कीं, तो कोठें उभें राहून केला आणि मागाहून कोणी तपासला काय, हें आम्ही आधीं विचारतों.

देशाची वाढ म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. देशांत एका वर्षांत जें पिकलें, कारखान्यांत जें घडलें आणि ज्या सेवा विकल्या गेल्या, त्या सर्वांचें मोल करावयाचें; त्यांतून निव्वळ महागाईनें वाढलेला भाग काढून टाकावयाचा; आणि उरलेली रक्कम मागील वर्षाहून किती अधिक झाली तें शेकड्यांत सांगावयाचें. मोठ्या देशांत ह्या मालाचा बहुतेक भाग घरचींच माणसें विकत घेतात. लहान देशांत तसें होत नाहीं. तेथें माल घरीं होतो, परंतु त्याचें गिऱ्हाईक समुद्रापलीकडे असतें. अशा देशाचा पुढील सालचा अंदाज कसा बांधावा, हें समजण्यास मॉरिशस बेटासारखें उदाहरण नाहीं.

हें उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, तेथील मुख्य पीक ऊस, आणि तो ऊस लावण्यांत आपल्याकडील माणसांचे हात लागलेले आहेत. सन १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर तेथें नेण्यास आरंभ झाला. पुढील काळांत साडेचार लाखांच्या आसपास माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील व घाटावरील मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही तेथें आहेत. शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. बेट ज्वालामुखीच्या खडकाचें. मजुरांनीं शेतांतील धोंडे वेंचून मध्येंच त्यांचे ढीग रचले, ते उंच ढीग उसाच्या फडांत अद्याप उभे आहेत. बांधावर दगड टाकून ज्यांचे हात सोलले आहेत, त्यांस ह्या कामाची कल्पना निराळी सांगावयास नको.

देशाचें क्षेत्रफळ सुमारें २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एकट्या सातारा जिल्ह्याच्या पांचव्या हिश्श्याइतकें. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. सन १९६८ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस हा देश स्वतंत्र झाला, त्या वेळीं त्याच्या निर्यातीपैकीं शेंकडा नव्वदाहून अधिक एकटी साखर होती. एकच पीक आणि तेंही परक्यास विकावयाचें; घरच्या साडेबारा लाख तोंडांनीं खाऊन खाऊन किती साखर खावी?

ह्या बेटाविषयीं एक अंदाज फार प्रसिद्ध आहे. जेम्स मीड नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें तेथील परिस्थितीची पाहणी केली व सन १९६१ मध्यें तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ लहानसहान नव्हते. पुढें सन १९७७ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं पाहिलें तें असें कीं, हिवताप हटल्यानें लोकसंख्या झपाट्यानें वाढत आहे, जमीन तेवढीच आहे, पीक एकच आहे, बाजार हजारों मैल दूर आहे. आणि सन १९६० मधील चक्रीवादळांनीं त्या वर्षाचें साखरेचें उत्पादन निम्म्याहूनही खालीं आणलेलें होतें. ह्यावरून सुखासमाधानानें प्रगति होण्याची आशा फारशी नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. शिवारांत उभें राहून पाहिलें तर त्यांत चुकीचें कांहींच नव्हतें.

परंतु घडलें निराळें. सन १९७० मध्यें त्या सरकारनें निर्यात मालाच्या कारखान्यांस जकातीची व कराची सूट देणारा कायदा केला. त्या काळीं श्रीमंत देश प्रत्येक देशाकडून किती कापड घ्यावयाचें तें ठरवून देत. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांचा वांटा भरला म्हणजे ते दुसऱ्या देशांत कारखाना काढून तेथील वांट्यानें माल पाठवीत. त्यांपैकीं कित्येक मॉरिशसमध्यें आले. दुसरी गोष्ट, सन १९७५ च्या लोमे करारानें युरोपानें ह्या बेटाची सुमारें पांच लाख टन साखर दरवर्षीं ठरलेल्या भावानें घेण्याचें मान्य केलें, आणि तो भाव जगाच्या बाजाराहून बहुतेक वर्षीं पुष्कळ वर असे. ह्या दोन्ही गोष्टी बेटाच्या जमिनींत नव्हत्या. मीड साहेबांनीं जमीन आणि तोंडें अचूक मोजलीं. गिऱ्हाइकाच्या मनांत पुढें काय येईल तें मोजण्याचें माप त्यांच्यापाशीं नव्हतें. तें कोणापाशींच नसतें. म्हणून वीस वर्षांचा अंदाज आणि एका वर्षाचा अंदाज ह्या दोन जाती निराळ्या मानाव्यात, असें आमचें मत आहे. एका वर्षापुरतें गिऱ्हाइकाचें मन पुष्कळसें दिसूं शकतें, कारण करार झालेले असतात, मागण्या नोंदलेल्या असतात आणि गाडी ज्या रुळावर आहे तो रूळ ठाऊक असतो.

तरीही एका वर्षाच्या अंदाजास दगा देणाऱ्या गोष्टी आहेत. सन १९७४ मध्यें जगांत साखरेचा भाव कधीं नव्हे इतका चढला. बेटावर पैसा आला, मजुरी वाढली, सरकारचा खर्च वाढला. भाव उतरल्यावर खर्च मात्र उतरेना. हें आपल्या अनुभवाबाहेरचें नाहीं. कांद्यास एक साल भाव मिळाला म्हणजे दुसऱ्या सालीं गांवांत किती फटफट्या येतात आणि तिसऱ्या सालीं त्यांतल्या किती विकाव्या लागतात, तें प्रत्येकानें पाहिलें आहे. सन १९७९ मध्यें त्या देशास आपल्या रुपयाचें मोल तीस टक्के कमी करावें लागलें व सन १९८१ मध्यें पुन्हां वीस टक्के. मध्यंतरीं चक्रीवादळें झालीं आणि सन १९८० मध्यें देशाचें उत्पन्न एका वर्षांत सुमारें दहा टक्क्यांनीं घसरलें. पुढें कापडाच्या कारखान्यांनीं हात दिला आणि तें दशक संपतांना बेकारी जवळजवळ नाहींशी झाली.

ठरलेल्या भावाची सवय लागलेल्या उत्पादकाचें काय होतें, तें मात्र सविस्तर सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. आपल्यांतील ऊस लावणाऱ्यांचा त्याशीं निकटचा संबंध आहे. युरोपानें सन २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्यानें उतरवीत चार वर्षांत ३६ टक्के खालीं आणला. सन २००९ मध्यें तो जुना साखर करारही संपला आणि सन २०१७ मध्यें युरोपानें स्वतःच्या साखरेवरील उत्पादनाची मर्यादाही उठविली. त्यामुळें बीटाची साखर बाजारांत मोकळी सुटली. भाव उतरणार हें आधीं कळविलेलें होतें. त्या मुदतींत बेटानें काय केलें? कारखाने एकत्र केले. पूर्वी वीसांच्या घरांत होते ते आतां तीन उरले आहेत. चिपाडावर, ज्याला कारखान्यावर बगॅस म्हणतात, वीज करून ती सरकारी तारांत सोडली. देशाच्या विजेपैकीं सुमारें दहावा भाग ह्या चिपाडाचा असतो. पांढरी साखर करून कोणाशींही स्पर्धा करण्यापेक्षां राबीसारखी तपकिरी, काकवीच्या वासाची खास साखर करून ती अधिक भावानें विकण्याचा मार्ग धरला.

विक्रीची त्यांची पद्धतही पाहण्याजोगी आहे. सर्व कारखान्यांची साखर सन १९१९ पासून एकच संघ विकतो, आलेला पैसा एका ठिकाणीं जमा होतो, आणि उसापासून निघालेल्या साखरेपैकीं ७८ टक्के ऊस पिकविणाऱ्याची व बाकीची कारखान्याची, अशी वांटणी आहे. वादळ व अवर्षण ह्यांसाठीं सन १९४६ पासून उसाचा निराळा विमा आहे. आपल्याकडे एवढी व्यवस्था असती, तर तोल काट्यावरून होणारी निम्मी भांडणें मिटलीं असतीं, असें आम्हांस वाटतें. तोल काट्यावर आमचा स्वतःचा विश्वास कमी आहे, हें कबूल करूं.

इतकें करूनही लहान शेतकरी टिकला असें नाहीं. भाव उतरण्यापूर्वी जेवढे ऊस लावणारे होते, त्यांच्या निम्म्याहून कमी आतां उरले. दगडी जमीन, तोडणीस माणूस मिळत नाहीं, मुलें शहरांत. फड ओसाड टाकलेले दिसतात. सत्तर हजार हेक्टरांच्या आसपास असलेला ऊस चाळीस हजारांच्या आंत आला. साखरेचें उत्पादन सत्तरीच्या दशकांत सात लाख टनांपर्यंत गेलें होतें, तें अलीकडे अडीच लाखांच्या आसपास राहतें. राष्ट्राच्या उत्पन्नांत ऊस आणि साखर मिळून वांटा एका टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे देश वाढला आणि त्यांतला ऊस पिकविणारा घटला. हें दोन्ही एकाच वेळीं खरें असूं शकतें. आणि वाढीचा आंकडा वाचतांना तो कोणाच्या घरची वाढ सांगतो, हा प्रश्न विचारल्यावांचून राहूं नये.

मग आतां त्या देशाचें पोट कशावर चालतें? परदेशी प्रवासी, कापड, डबाबंद मासळी, आणि परदेशी भांडवलास वाट करून देणारा पेढीचा धंदा. शेवटच्या धंद्याशीं आपला संबंध आला, तो सन १९८३ च्या कराच्या करारामुळें. मॉरिशसमार्गें आपल्या देशांत पुष्कळ भांडवल येत असे. तो करार सन २०१६ मध्यें बदलला आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावरील जुनी सवलत पुढील भांडवलापुरती बंद झाली. येथेंही भाव ठरविणारा परकाच.

प्रवाशांचे आंकडे ह्या बाबतींत बोलके आहेत. सन २०१९ मध्यें सुमारें १३ लाख ८३ हजार प्रवासी आले. सन २०२० च्या मार्चांत साथीमुळें बेटाचीं दारें बंद झालीं; त्या वर्षीं सुमारें तीन लाख आले आणि सन २०२१ मध्यें त्याहूनही कमी. त्यांतच सन २०२० च्या जुलै महिन्यांत वाकाशिओ नांवाचें जहाज खडकावर चढलें व पुढें तेल समुद्रांत सांडलें. त्या एका वर्षांत राष्ट्राचें उत्पन्न साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घटलें. सन २०२२ मध्यें सुमारें पावणेनऊ टक्के वाढ झाली, तेव्हां केवढी वाढ म्हणून कित्येकांनीं कौतुक केलें.

येथें एक साधा हिशेब करून पाहावा. एकरीं वीस क्विंटल गहूं होत होता. एक वर्ष गारपीट झाली आणि दहा क्विंटल आला. पुढील वर्षीं पंधरा आला, तर वाढ शेंकडा पन्नास झाली असें म्हणतां येईल. परंतु कणगींत पूर्वीपेक्षां पांच क्विंटल कमीच आहे. शंभराचे साडेपंचाऐशीं झाले, तर पुन्हां शंभर होण्यास साडेपंचाऐशींवर सुमारें सतरा टक्के वाढ लागते. म्हणून मोठ्या घसरणीनंतरच्या दोनतीन वर्षांची वाढ ही भरून काढण्याची वाढ असते. ती संपली म्हणजे आंकडा आपोआप लहान होतो, आणि त्यावरून देश बिघडला असें कोणीं समजूं नये. सन २०२४ मध्यें प्रवासी पुन्हां सुमारें १३ लाख ८२ हजारांवर आले, म्हणजे साथीपूर्वीच्या जवळजवळ बरोबरीस. कणगी भरली. यापुढें वाढ हवी असेल तर नवी जमीन नांगरली पाहिजे, आणि ती लवकर नांगरतां येत नाहीं. खोल्या मर्यादित, विमानें मर्यादित, कामकरी माणसें कमी. लोकसंख्या म्हातारी होत चालली असून कारखान्यांतून परदेशी मजूर आणावे लागतात. मीड साहेबांस ज्या वाढत्या तोंडांची धास्ती होती, तीं तोंडेंच आतां कमी पडत आहेत.

कापडाचें पाहूं. अमेरिका आफ्रिकेंतील देशांस सन २००० च्या एका कायद्यानें जकातीची सूट देत आली, तिचा लाभ मॉरिशसला होता. सन २०२५ च्या एप्रिलांत अमेरिकेनें ह्या बेटाच्या मालावर ४० टक्के जकात जाहीर केली. ऑगस्टांत ती १५ टक्क्यांवर आणली. आणि त्या सवलतीच्या कायद्याची मुदतही ३० सप्टेंबर २०२५ रोजीं संपली. सहा महिन्यांत तीन वेळां भाव बदलला तर कारखानदार पुढील हंगामाचें सूत घेईल काय? जकातीच्या दरापेक्षां ती उद्यां किती असेल ह्याचा भरंवसा नसणें अधिक नुकसान करतें. दर कळला म्हणजे माणूस कोठें तरी काटकसर करतो. न कळला म्हणजे हात बांधून बसतो, आणि त्या बसण्याचा आंकडा पुढील सालच्या वाढींत उतरतो.

अंदाजाचा दुसरा पाय म्हणजे आयात. हा देश आपल्या खाण्यापैकीं बहुतेक जिनसा आणि सर्व खनिज तेल बाहेरून आणतो. तेल चढलें कीं विकलेल्या मालाचा पैसा तेलांतच जातो. तांदळाचें तर आपणांस प्रत्यक्ष ठाऊक आहे. सन २०२३ च्या जुलैंत आपल्या सरकारनें बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हां मॉरिशसनें विनंती केली आणि ऑगस्टांत चौदा हजार टनांची परवानगी खास देण्यांत आली. आपल्याकडे एका बाजारपेठेंतून जेवढा तांदूळ हलतो, तेवढ्यासाठीं एका राष्ट्रास सरकारी परवान्याची वाट पाहावी लागली.

आतां आंकड्यांच्या खरेपणाबद्दल. सन २०२४ च्या नोव्हेंबरांत तेथें निवडणूक होऊन सरकार बदललें. नव्या सरकारनें डिसेंबरांत एक अहवाल काढला आणि मागील सरकारनें वाढीचे व तुटीचे आंकडे प्रत्यक्षाहून चांगले दाखविले असा आरोप केला. त्या वर्षाच्या वाढीचा अंदाज टक्क्याहून अधिक खालीं आणण्यांत आला. पुढें सन २०२५ च्या जानेवारींत मूडीज ह्या पत ठरविणाऱ्या संस्थेनें देशाच्या पतीबद्दलचें आपलें भाकीत प्रतिकूल केलें. नवें सरकार जुन्यास दोष देतें ही रीतच आहे, तेव्हां आरोपाचा कांहीं भाग राजकारणाचा मानावा. परंतु आम्ही तक्ते भरण्यांत आयुष्य घालविलें आहे, आणि वरिष्ठांस कोणता आंकडा आवडेल ह्याची चाहूल कारकुनास कशी लागते तें आम्हांस ठाऊक आहे. कर्ज देणारा सावकार मात्र तक्ता पाहत नाहीं, कोठार पाहतो.

तर मग पुढील एकदोन सालांबद्दल आमचें मत काय? सन २०२५ साठीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें आरंभीं तीन टक्क्यांच्या आसपास वाढ धरली होती. भरून काढण्याचा काळ संपलेला, कामकरी माणसें कमी, सरकारवर कर्ज फार आणि म्हणून सरकारी खर्चास आवर. ह्या सर्वांचा विचार करतां दोन ते चार टक्क्यांच्या मध्यें कोठें तरी ही वाढ राहावी, असें आम्हांस वाटतें. ह्याहून अधिक कोणी सांगेल तर त्यास दोन गोष्टी विचाराव्यात : फ्रान्स, इंग्लंड व जर्मनीच्या माणसाच्या हातीं ह्या वर्षीं सुटीचा पैसा आहे काय, आणि तेलाचा भाव कोणीकडे आहे. बेटावर काय चाललें आहे तें तिसऱ्या क्रमांकानें विचारावें. आणि जो कोणी चार टक्के सांगतो, त्यानें पांच टक्क्यांची घसरणही कप्प्यांत ठेवावी. कारण दीड शतकांचा कारभार सोडला तरी नुसत्या सन १९८० आणि २०२० ह्या दोन सालांनीं दाखविलें आहे कीं, अशा देशाची चांगली वर्षें लहान पावलांनीं येतात आणि वाईट वर्ष एका उडींत येतें.

तेथील चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरांत सुरू होऊन एप्रिल-मेपर्यंत चालतो आणि ऊसतोडणी साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत असते. म्हणजे वादळ येतें तें वाढत्या उसावर. ज्या वाचकांस ह्या बेटाच्या अंदाजाचा पडताळा पाहण्याची हौस असेल, त्यांनीं मार्च अखेरचीं दोन वृत्तें कापून ठेवावींत : हंगामांत वादळ कितपत लागलें, आणि पहिल्या तिमाहींत प्रवासी किती आले. पुढें डिसेंबरांत तींच कात्रणें काढून जाहीर झालेल्या आंकड्याशेजारीं ठेवावींत. आमच्या कपाटांत सन २०१९ पासूनचीं आहेत.